रातपाळी आणि रातांधळेपणा



दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार हा विषय खरे म्हणजे डॉक्टरांचा. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे ग्रंथालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पातळ पडदा. त्यात दोन प्रकारच्या पेशी राबतात. दंडपेशी अंधुक उजेडात पाहतात. शंकुपेशी भर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात. रातपाळी आणि दिवसपाळीच म्हणा ना! ‘रेटिनायटिस पिग्मेंटोसा’ या रोगात बहुधा रातपाळीवाले आधी मरतात. प्रथम रातांधळेपणा येतो, मग कडेचे दिसेनासे होते. माणूस समोरचे वर्तमानपत्र वाचतो, पण पायाजवळची बादली त्याला दिसत नाही. लोक म्हणतात, ढोंगी आहे. सुमारे चार हजारांत एकाला हा रोग असतो. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा वेगळा. तो औषधाने बरा होतो.

आमच्याकडे आलेल्या एका फिटरवर दारू पिऊन यंत्रांना धडकल्याचा आरोप होता. माणूस माळकरी! डोळे तपासून घेतले तेव्हा हा रोग निघाला. डॉक्टरी दाखला पुढे ठेवून, आणि चार दिवस दारात बसून, त्याला कायमची दिवसपाळी मिळवून दिली.

त्याची आई मात्र पूर्वजन्मीचे पाप म्हणून रडत होती. यात पाप कसले? या रोगाच्या अनेक प्रकारांत आईबाप दोघेही धडधाकट असतात. दोघांकडे एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असते, आणि प्रत्येक अपत्याला चारात एक धोका असतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची चाल हा योग वाढवते, हे कटू असले तरी बोलले पाहिजे.

आता उपचाराकडे. १८६९ साली थिओडोर लेबर या जर्मन वैद्याने बालपणीच दृष्टी हिरावणारा एक प्रकार वर्णिला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक, आरपीई-६५ या जनुकातील दोष, १९९७ मध्ये उघड झाले. हे जनुक वापरलेल्या अ-जीवनसत्त्वाला पुन्हा कामाचे रूप देणारे द्रव्य बनवते. ते नसले की पेशी उपाशी राहतात, पण काही वर्षे जिवंत असतात. त्या अवधीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर जनुकाची चांगली प्रत लादून दृष्टिपटलाखाली सोडायची, अशी ही युक्ती. याच दोषाचे ब्रियार्ड जातीचे कुत्रे तिने पाहू लागले, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलाडेल्फियात जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याने ती माणसापर्यंत आणली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लक्सटर्ना’ला मान्यता मिळाली.

किंमत? दोन्ही डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर! त्या वेळच्या भावाने पाच कोटींवर रुपये. आपल्या सरकारच्या दुर्मिळ रोगांच्या धोरणातली मदत २०२२ मध्ये वाढली, ती पन्नास लाखांपर्यंत. शिवाय दृष्टिपटलाचे विकार अडीचशेहून अधिक जनुकांशी निगडित आहेत, आणि हे औषध त्यांतल्या एकाचे. आपले जनुक कोणते, ही तपासणी म्हणूनच आधी हवी.

तोवर नोकरी टिकली पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. खासगी कारखान्याला हे बंधन नाही. ते लागू करावे, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. सह्यांचे कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत, आणि ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅडही ठेवला आहे.