होडीतल्या गादीचं टिचबटण

लहान मुलांच्या झबल्याला किंवा ब्लाउजला आपण जे टिचबटण लावतो, त्याचा एक थोरला भाऊ शिडाच्या होडीत राहतो. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. काही श्रोत्यांना वाटेल, की बटणावर इतका वेळ बोलण्यासारखं काय आहे? पण हे बटण बसवायचं तर होडीला भोक पाडावं लागतं, आणि होडीला भोक पाडणं ही गोष्ट कधीच किरकोळ नसते.

आधी होडी कोणती ते सांगायला हवं. शिडाची होडी म्हटलं की आपल्याला हल्ली 'म्हादेई' आठवते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या या होडीतून नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती होडी ५६ फुटांची. मी म्हणतो ती तिच्यापुढे अगदी पोर, वीस-बावीस फुटांची, फायबरची, चार माणसांना पुरेल एवढी. मुंबई बंदरात अशा होड्या पावसाळा संपला की पाण्यात उतरतात आणि मेअखेरीला पुन्हा वर काढल्या जातात. होडीच्या मागच्या भागात एक खोलगट जागा असते, तिला कॉकपिट म्हणतात. दोन्ही बाजूंना बाकं, मधे पाय ठेवायला जागा, मागे सुकाणूचा दांडा. बाक फायबरचं, म्हणजे टणक, आणि एप्रिलच्या उन्हात तव्यासारखं तापलेलं. म्हणून त्यावर गाद्या आल्या. आणि गाद्या आल्या म्हणजे त्यांना जागेवर धरून ठेवणं आलं.

दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला, की होडी एका अंगावर कलते. पंधरा-वीस अंश कललेलं गुळगुळीत बाक, त्यावर सुटी गादी आणि गादीवर पाहुणा, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. गादी पाहुण्यासकट घसरते. होडीचा रोख बदलताना तर शिडाचा खालचा आडवा दांडा डोक्यावरून झपकन दुसऱ्या बाजूला जातो आणि त्याच क्षणी सगळ्यांना खाली वाकून जागा बदलायच्या असतात. तेव्हा पाय बाकावर पडायला हवा. तो सुट्या गादीवर पडला, की माणूस आडवा. आणखी एक प्रकार असतो. वाऱ्यानं गादी उडते, पाण्यात पडते, आणि कुणीतरी ती पकडायला कठड्याबाहेर झुकतो. गादी पुन्हा शिवून घेता येते, एवढं त्या माणसाला त्या घाईत कुणीतरी ओरडून सांगावं लागतं.

मग गाद्या सरळ स्क्रूनं पक्क्याच का करू नयेत? कारण त्या बाकांच्या खाली कप्पे असतात. जीवरक्षक जाकिटं, आग विझवायचं नळकांडं, पाणी उपसायचा पंप, सगळं तिथंच. गरज पडेल तेव्हा गादी एका हातानं, न बघता, दोन सेकंदांत निघाली पाहिजे. एरवी घट्ट आणि हवी तेव्हा सुटी, अशा दोन उलट मागण्या एका वस्तूकडून करायच्या आहेत, म्हणून तर बटण लागतं.

बटणाआधी नाडीचा विचार करा. आपल्याकडे बाराबंदी नुसत्या बंदांवर पिढ्यान् पिढ्या अंगावर राहिली. कप्प्याचं झाकण हेच बाक असेल, तर गादीच्या पोटाला जाड पट्टा शिवून तो झाकणाखालून घ्यायचा आणि बकल लावायचं. एकही भोक नाही. मला विचाराल तर जिथं पट्टा चालतो तिथं बटणाच्या नादी लागूच नये. वेल्क्रो हा दुसरा मार्ग. कपड्यांना चिकटणारी रानटी फळं पाहून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला त्याची कल्पना सुचली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. पण त्याच्या मागचा चिकट थर आपल्या उन्हात वितळतो, आकड्यांत मीठ आणि दोऱ्यांचे धागे अडकतात, आणि दोन हंगामांत तो नावापुरता उरतो. लावायचाच तर मऊ बाजू होडीला आणि खरखरीत बाजू गादीला लावा. गादी काढल्यावर उघड्या पायाला होडीचीच बाजू लागते.

आता टिचबटण. स्प्रिंगवर बसणाऱ्या या बटणाचं पेटंट जर्मनीतल्या हेरिबर्ट बाऊर यानं १८८५ साली घेतलं. शिंपी त्याच्या दोन भागांना नर आणि मादी म्हणतात. होडीवरच्या बटणात नर म्हणजे खाली स्क्रू असलेलं छोटं बोंड. ते बाकात बसतं. मादी म्हणजे वाटी. ती कापडाच्या खालून येते, आणि वरून एक टोपी तिच्यात ठोकून बसवतात. बटणांच्या धंद्यात माप 'लाईन'मध्ये मोजतात. ४० लाईन म्हणजे एक इंच. होडीवर बहुधा २४ लाईनचं बटण वापरतात, म्हणजे साधारण १५ मिलिमीटरचं.

बॅगा शिवणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत अगदी तसंच दिसणारं बटण पुष्कळ स्वस्तात मिळतं. फरक धातूत असतो. पातळ पत्र्यावर मुलामा दिलेलं बटण खाऱ्या हवेत एका हंगामात गंजतं. पितळेवर निकेलचा जाड मुलामा असेल तर ते बरीच वर्षं टिकतं, पण मुलामा घासला गेला की खालचं पितळ हिरवं पडायला लागतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचा प्रकार. सगळ्यांत चांगलं स्टेनलेस स्टील, आणि त्यातही ३१६ नंबरचं. ३०४ नंबरचं स्टील स्वयंपाकघरात उत्तम, समुद्रावर त्याला तांबूस डाग पडतात. 'स्टेनलेस' या नावावर फार विसंबू नये हेही खरं. हे स्टील हवेतल्या ऑक्सिजनच्या जोरावर स्वतःवर एक बारीक पापुद्रा धरून राहतं. ओल्या गादीखाली दिवसच्या दिवस हवा लागली नाही, तर तेही खाऱ्या पाण्यात कुरतडलं जातं. पांढऱ्या बाकावर बोंडाखालून तपकिरी ओघळ दिसला, की स्क्रू आतून खाल्ला जातोय असं समजावं.

आता भोक. फायबरची होडी म्हणजे फायबरचा एकसंध ठोकळा असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळ होड्यांत तसं नसतं. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर आणि मधे हलक्या बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा, असं सँडविच असतं. वजन न वाढवता त्यानं ताकद येते. युक्ती चांगली आहे, पण गाभ्याला पाणी लागता कामा नये, ही तिची अट. बटणाचा स्क्रू वरचा थर भेदून गाभ्यात शिरतो. गादी ओढली जाते तेव्हा बोंड दर वेळी तिळभर हलतं, स्क्रूभोवती केसाएवढी फट पडते, आणि तिच्यातून पाणी आत जातं. बाहेर यायला मात्र त्याला वाट नसते. ओळखीच्या एका होडीवर बाक पायाखाली दबतंय म्हणून वरचा थर कापून पाहिला, तर आतला बाल्सा भिजवलेल्या पोह्यासारखा झालेला होता. सहा बटणांच्या सहा भोकांभोवती असे चट्टे होते आणि ते पसरत पसरत एकमेकांना मिळाले होते. गादीला जेवढा खर्च आला असेल, त्याच्या कितीतरी पट बाकाला आला.

हे टाळता येतं. त्यासाठी हवा धीर आणि इपॉक्सी. आधी स्क्रूला लागतं त्याच्या दुप्पट-अडीचपट रुंद भोक पाडायचं, पण फक्त वरचा थर आणि गाभा इथपर्यंत. खालचा थर शाबूत ठेवायचा. कडेचा गाभा वाकवलेल्या खिळ्यानं थोडा कोरून काढायचा. मग भूकटी घालून घट्ट केलेली इपॉक्सी त्यात ठासून भरायची. ती पूर्ण कडक झाली की तिच्या मधोमध स्क्रूसाठी बारीक भोक पाडायचं. आता स्क्रू इपॉक्सीच्या खुंटीत बसतो, लाकडाशी त्याचा संबंधच येत नाही. पुढेमागे फटीतून पाणी आलं, तरी ते त्या खुंटीपाशी थांबतं.

यात दोन बारकावे आहेत. फायबरवरचा चकचकीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो काचेसारखा ठिसूळ असतो. स्क्रू आवळताना त्याला चांदणीसारखे तडे जातात. म्हणून भोकाचं तोंड जाड ड्रिलनं हलकेच उतरतं करून घ्यावं. ड्रिल उलटं फिरवलं तर कडेचे टवके उडत नाहीत. दुसरं, बोंडाखाली ब्युटाईल टेपची चिमूटभर गोळी ठेवून स्क्रू आवळावा. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, बोंडाबरोबर हलते, पण फट पडू देत नाही. बाजारात कायमचं चिकटवणारे सीलंट मिळतात ते इथं नकोत. बटण कधीतरी बदलायचंच असतं, आणि तेव्हा बोंडाबरोबर जेलकोटही उपटून येतो.

हे काम कधी करायचं? होडी वर काढलेली असते, हात रिकामे असतात, म्हणून पुष्कळ जण जुलैत करायला घेतात. मला ते पटत नाही. दमट हवेत गाभा सुकत नाही, आणि ओल्या गाभ्यावर इपॉक्सी भरणं म्हणजे ओलावा आत कोंडणं. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी चांगले.

बोंड कुठं लावायचं, हे आधी बाकावर बसून ठरवा. गादीच्या पुढच्या कडेला बोंड नको, कारण गादी काढली की तिथं पिंढरी आणि पायाची बोटं लागतात. मागच्या कडेला, शक्यतो पाठीच्या उभ्या भागावर लावावं. तीन फुटी गादीला दोन बटणं पुरतात. सहा लावणाऱ्याला मी नेहमी विचारतो, सहा भोकांची काळजी घेणार का?

क्रमही महत्त्वाचा. आधी होडीवर बोंडं बसवायची, मग शिवून तयार झालेली गादी जागेवर ठेवून, हातानं दाबून, बोंड कुठं येतं ते खडूनं टिपायचं, आणि वाटी सगळ्यांत शेवटी ठोकायची. घरी मोजपट्टीनं मापं घेऊन दोन्हीकडची बटणं लावली तर ती जुळत नाहीत. कापड पहिल्या उन्हातच थोडं आक्रसतं. वाटी थेट गादीच्या कापडाला न लावता, गादीला शिवलेल्या दुहेरी पट्टीच्या जिभेला लावली तर आणखी बरं. जीभ फाटली तर जीभ बदलता येते, त्यासाठी अख्खी गादी उसवावी लागत नाही. दोरा मात्र उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा ओलीनं कुजतो आणि नायलॉनचा उन्हानं.

ठोकताना चामड्याला भोक पाडायच्या पंचानं टोपीच्या नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडावं. नळी त्यात दाबून बसली पाहिजे. खाली कडक लाकूड किंवा लोखंडाचा ठोकळा ठेवून दोन-तीन नेमके घाव घालावेत. बसवलेली टोपी बोटानं फिरत असेल तर ती सैल आहे आणि ती भोक मोठं करत जाणार. वाटी चेपली गेली असेल तर घाव जास्त झाला. हात बसण्यासाठी जुन्या कापडावर चार-पाच बटणं वाया घालवावीत.

दुरुस्तीचे प्रसंग बहुधा दोन. टोपी कापडातून उपटून आली, तर त्याच भोकात मोठं बटण ठोकू नका. भोकाला दोन्ही बाजूंनी जाड कापडाचं ठिगळ शिवा आणि त्यात नवं भोक पाडा. आणि बाकातला स्क्रू नुसताच गरगर फिरायला लागला, तर आपले सुतार दाराच्या बिजागरीला करतात तशी काडेपेटीची काडी त्यात खुपसायचा मोह होतो. घरात ते चालतं. इथं ती काडी वातीसारखं पाणी आत ओढते. आणखी जाड स्क्रू पिळणं हाही थोड्या दिवसांचाच उपाय. स्क्रू काढून बाकावर भोकाभोवती ड्रिलच्या दांड्यानं टकटक करून पाहा. बाजारात मडकं घेताना वाजवून बघतो, तसंच. खणखणीत आवाज आला तर वर सांगितलेली इपॉक्सीची खुंटी करा. आवाज बद्द आला तर थांबा. ओल किती पसरली आहे ते आधी बघायला हवं, बटणाचं नंतर.

बटणं निम्मी मोडतात ती ओढण्यानं. गादीची कड धरून खसकन ओढली की सगळा जोर कापडावर येतो. बटणाच्या अगदी लगत बोट घालून वर उचकटावं. मिठानं घट्ट बसलं असेल तर गोडं पाणी ओतून पाच मिनिटं थांबावं आणि लाकडी उलथन्याची कड खाली सरकवून उचलावं. होडी परतली की गाद्या आणि बोंडं गोड्या पाण्यानं धुवावीत आणि महिन्यातून एकदा बोंडावर मेणबत्ती घासावी. एवढ्यानं ती लोण्यासारखी निघतात.

मे महिन्याच्या शेवटी गाद्या घरी आणताना त्या एकावर एक रचू नका. उभ्या ठेवल्या तर मधून हवा खेळते आणि बुरशी कमी धरते. डावी गादी उजवीकडे बसत नाही, अर्ध्या बोटाचा फरक पडतोच, आणि ऑक्टोबरपर्यंत कोणती कुठली ते कुणाला आठवत नाही. म्हणून गादीच्या पोटाला दिव्यांच्या नियमाप्रमाणे खूण करून ठेवावी, डावीला लाल दोरा, उजवीला हिरवा.