बाहत्तरचं साल कोण सांगणार?



१९७२चा दुष्काळ आठवतो असं माणूस आपल्या घरात आहे का? त्या साली जी सून विशीत होती, तिनं आज सत्तरी ओलांडली आहे. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी थापल्या. त्या कामांतून झालेल्या पाझर तलावाला खर्च किती आला, हे सरकारी दप्तरात सापडेल. पण पाटीखाली डोकं कसं पोळलं, झोळीतलं लेकरू कोणी सांभाळलं, हे तिच्यावाचून कोण सांगणार?

मात्र ‘आजी, तुझं आयुष्य सांग’ म्हटलं, की ती म्हणेल, ‘माझं मेलीचं काय सांगायचं?’ म्हणून प्रश्न लहान असावा. ‘आजी, पाणी कुठून आणायचीस गं? मिलोची भाकरी नीट थापली जायची का?’ मग बघा, गाठ सुटते की नाही!

गुरुजी, मुलांना हा घरचा अभ्यास द्या. आधी आजीची परवानगी घ्यावी, मग मोबाइलवर रेकॉर्ड करावं. आरंभी नाव, गाव, तारीख बोलावी. मध्येच तिची भाषा सुधारू नये. ती गप्प बसली तर घाई करू नये. नको म्हणेल ते पुसून टाकावं. शेवटी सगळं वहीत उतरवून तिलाच वाचून दाखवावं.

तलाव गावात आहे. तो खणणारे हात मात्र एकेक करून जात आहेत. तेव्हा मंडळी, आज दिवेलागणीला एवढा एक प्रश्न विचाराच.