परदेशातील शिक्षण आणि परतीची वाट



१९१३ सालच्या जून महिन्यात बावीस वर्षांच्या एका तरुणाने बडोदे संस्थानच्या एका करारपत्रावर सही केली. संस्थानने त्याला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती द्यावी आणि परत आल्यावर त्याने दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा तो करार होता. शिष्यवृत्ती देणारे होते महाराज सयाजीराव गायकवाड आणि घेणारे होते भीमराव रामजी आंबेडकर.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली पुढील अध्ययनासाठी लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला. जात कळताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबिया विद्यापीठाचा हा पदवीधर नोकरी सोडून मुंबईस परतला.

या घटनेचा विचार शासकीय दृष्टीनेही व्हावयास हवा. विद्यार्थ्याने परत यावे, याची तरतूद करारात होती. परत आलेल्या माणसाला गावाने आणि कचेरीने सामावून घ्यावे, याची तरतूद मात्र कोठेही नव्हती. संस्थानचा पैसा खर्च झाला, विद्यार्थ्याने आपले काम चोख केले, तरीही बडोद्याला त्या विद्वत्तेचा लाभ झाला नाही. परदेशी शिक्षणाच्या योजनांचा विचार करताना जाण्याइतकेच परतीकडेही लक्ष असले पाहिजे, हा यातील बोध होय.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. कोकणातील मुर्डी या खेड्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मायदेशी परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांची वाट पाहत होते. वेतन अल्प होते, परंतु कामाची जागा निश्चित होती. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्यांच्या विद्येचा लाभ मिळाला.

स्वातंत्र्योत्तर काळातील नवी दारे

स्वातंत्र्यानंतर या व्यवहाराचे स्वरूप पालटले. एखाद्या उदार संस्थानिकाच्या इच्छेवर अवलंबून असलेली गोष्ट राष्ट्राराष्ट्रांमधील करारांचा विषय झाली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला. या योजनेचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे पुष्कळ युद्धसाहित्य परदेशांत पडून होते. त्याच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थी व अध्यापक यांच्या देवघेवीसाठी वापरावा, अशी कल्पना सिनेटर फुलब्राइट यांनी मांडली आणि १९४६ साली तसा कायदा झाला. २००८ साली भारताने या योजनेत बरोबरीचा आर्थिक वाटा उचलण्याचे मान्य केले व तिच्या नावास पंडित नेहरूंचे नाव जोडले गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर मायदेशी दोन वर्षे राहिल्याखेरीज अमेरिकेत स्थायिक होण्याचा परवाना मिळू नये, असा निर्बंध या योजनेखाली जाणाऱ्यांवर असतो. परतीचा प्रश्न त्या देशानेही कायद्यात बांधला आहे, हे यावरून दिसून येईल.

१९५१ साली कोलंबो योजना सुरू झाली. १९५९ साली ऑक्सफर्ड येथील परिषदेत राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना आकारास आली. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्या १९५४ पासून चालू आहेत. त्यांतील एक शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. प्राथमिक अथवा माध्यमिक शाळेत पाच वर्षे अध्यापन केलेल्या, पस्तीस वर्षांखालील शिक्षकास सुमारे दीड वर्ष जपानी विद्यापीठात अध्यापनशास्त्राचा अभ्यास करता येतो. परदेशी जाणे हे केवळ प्राध्यापकांचे व संशोधकांचे क्षेत्र आहे, हा समज त्यामुळे दूर व्हावा.

दुर्बल घटकांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून अमलात आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्या वार्षिक जागा १२५ झाल्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ठेवण्यात आल्या. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या जागा ७५ आहेत. या योजनेस शाहू महाराजांचे नाव असणे समर्पक आहे. १९२० साली आंबेडकर अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्यांत शाहू महाराज होते.

घेणे तसे देणे

विनिमय या शब्दातच देणे आणि घेणे दोन्ही अभिप्रेत आहेत. भारताने देण्याची बाजूही लवकरच उचलली. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने ९ एप्रिल १९५० रोजी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थी भारतीय विद्यापीठांत शिकतात. १५ सप्टेंबर १९६४ रोजी भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू झाला. सुमारे १६० देशांना त्याचा लाभ मिळाला असून प्रशिक्षणार्थींचा प्रवास, निवास व शिक्षण यांचा खर्च भारत सरकार करते.

या कार्यक्रमातील एक प्रयोग ग्रामपंचायतींच्या सदस्यांना जवळचा वाटेल. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतील खेड्यांमधून आलेल्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर अशा प्रौढ स्त्रियांना सौर दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण सहा महिने देण्यात आले. भाषा समान नसल्याने रंग, खुणा आणि प्रत्यक्ष कृती यांच्या आधारे शिकविण्यात आले. निवड करताना आजीच्या वयाच्या स्त्रियांना पसंती देण्यामागे एक व्यावहारिक कारण होते : तरुण माणूस प्रशिक्षण घेऊन शहराकडे जाण्याचा संभव असतो, तर आजी आपल्या गावी परतते. निवडीच्या वेळीच परतीचा विचार केल्यामुळे शिकलेले कसब गावाच्या उपयोगी पडले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मॉरिशसशी असलेला संबंधही महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आपली भाषा जपून आहेत. मोका येथे भारत व मॉरिशस या दोन्ही शासनांच्या सहकार्याने १९७० साली उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचेही शिक्षण दिले जाते.

वाट कोठे अडते

योजना पुष्कळ आहेत. तथापि तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत त्या पोहोचतात काय, हा खरा प्रश्न आहे. अडचणी मोठ्या धोरणाच्या क्वचितच असतात. जाहिरात निघते आणि अर्जाची मुदत थोडी असते. परिपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते, नोंदवहीत चढते आणि फायलीत लागते. शाळेच्या सूचनाफलकावर ते कोणी लावले नाही, तर ज्याच्यासाठी ते काढले त्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

दुसरी अडचण दाखल्यांची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, पारपत्र यांपैकी प्रत्येकास स्वतंत्र वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू केली, तर एक कागद कमी पडून अर्ज बाद होतो. शहरातील सुशिक्षित कुटुंबाला ही पूर्वतयारी ठाऊक असते. भूमिहीन मजुराच्या मुलाला ती कोणी तरी सांगावी लागते. ते सांगणारा माणूस बहुधा शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्यच असू शकतो. पदवीच्या शेवटच्या वर्षापूर्वी सर्व दाखले हाती असावेत, एवढी दक्षता त्यांनी घेतली तरी पुष्कळ काम होईल. नियमांत वेळोवेळी फेरफार होत असल्यामुळे त्या त्या वर्षाची अधिकृत जाहिरात पाहूनच सल्ला द्यावा, हे ओघानेच आले.

तिसरी अडचण सेवेतील माणसांची. निवड झालेल्या शिक्षकास वा अधिकाऱ्यास ना-हरकत प्रमाणपत्र व रजा वेळेवर मिळाली नाही, तर प्रवेशाची तारीख निघून जाते. शाळेला एक माणूस वर्षभर कमी पडतो, ही संस्थाचालकांची अडचणही खरी आहे. म्हणून बदली शिक्षकाची व्यवस्था आणि रजेचा निर्णय एकाच वेळी होणे इष्ट ठरते.

यानंतर परतीचा प्रश्न येतो. नवे शिकून आलेला शिक्षक रुजू झाला, की त्याच्या हाती जुनेच वेळापत्रक पडते. त्याचा प्रवासवृत्तान्त एका सभेत ऐकला जातो, त्याला हार घातला जातो आणि विषय संपतो. त्याऐवजी तो जाण्यापूर्वीच, परत आल्यावर त्याने कोणते काम करावयाचे, हे संस्थेने ठरवून ठेवले पाहिजे. तालुक्यातील शिक्षकांची दोन-चार शिबिरे, एखादी प्रयोगशाळा किंवा एखाद्या पाठाची नवी मांडणी, असे ते काम लहान असले तरी चालेल. त्यासाठी दिवस व साधने मात्र राखून ठेवलेली असावीत.

पुण्यासारख्या शहरांत आज परदेशी विद्यार्थी शिकत आहेत. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेला आफ्रिकेतील विद्यार्थी भाड्याची खोली शोधत दारोदार हिंडतो, तेव्हा त्याला मिळणारे उत्तर त्याच्या देशापर्यंत पोहोचते. आपल्या गावचा मुलगा परदेशातून शिकून येतो, तेव्हाही त्याला आधी राहावयास घर आणि मग करावयास काम लागते. १९१७ साली बडोद्यात ही दोन्ही एका तरुणाला मिळू शकली नाहीत. आज तो करार पुन्हा लिहावयाचा झाला, तर त्यात विद्यार्थ्याच्या सहीखाली त्याला परत बोलावणाऱ्या गावाची आणि संस्थेचीही सही असावी.