सामन्याच्या गांवीं मुक्काम

परगांवीं क्रिकेटचा मोठा सामना पाहावयास निघालेला मनुष्य तिकिटाची जितकी काळजी वाहतो, तितकी मुक्कामाची वाहत नाहीं. तिकीट हातीं पडलें कीं अर्धें काम झालें असें त्याला वाटतें, आणि उतरावयाचें कोठें हा प्रश्न "तेथें गेल्यावर पाहूं" म्हणून तो बाजूस सारतो. सामन्याचा आनंद पुष्कळदां याच एका हयगयीमुळें उणा होतो. म्हणून, श्रोतेहो, या साध्या व्यावहारिक प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. हा विचार हवेंत राहूं नये यासाठीं यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवचा एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. त्याला नागपुरास सामना पाहावयाचा आहे. बरोबर वृद्ध वडील आहेत आणि शाळेंत जाणारी मुलगी आहे.

एके काळीं हा प्रश्न सोपा होता. नागपुरांतील पहिला कसोटी सामना १९६९ च्या ऑक्टोबरांत न्यूझीलंडविरुद्ध झाला, तो सिव्हिल लाइन्समधील मैदानावर. १९८७ च्या विश्वचषकांत ३१ ऑक्टोबर रोजीं सुनील गावसकरांचें शतक व चेतन शर्मांची हॅटट्रिक लोकांनीं पाहिली, तीहि तेथेंच. मैदान शहराच्या मध्यावर असल्यामुळें सीताबर्डीस एखादी खोली घ्यावी, किंवा महालांत कोणी आप्त असेल तर त्याच्या घरीं पथारी टाकावी. खेळ संपला कीं सायकल-रिक्षानें परत यावें. पुढें वर्धा रस्त्यावर जामठा येथें नवें मैदान झालें. २००८ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला. सौरव गांगुलींचा तो अखेरचा कसोटी सामना. त्या दिवसापासून मुक्कामाचा जुना हिशेब बदलला.

महागांवकडून निघालेली गाडी आर्णी, यवतमाळ, वर्धा करीत बुटीबोरीस मोठ्या हमरस्त्यास मिळते. तेथून नागपुराकडे जातांना जामठा वाटेंतच लागतो. म्हणजे या गृहस्थास मैदान आधीं लागतें व शहर मागून! तरीहि जुन्या संवयीनें तो गणेशपेठच्या एस. टी. स्थानकाजवळ उतरतो, आणि मग रोज सकाळीं आल्या वाटेनें उलट जातो व सायंकाळीं गर्दींतून पुन्हां परततो. शहराबाहेर, वर्धा रस्त्याच्या बाजूस किंवा बुटीबोरीस स्वच्छ व बेताच्या दराची खोली मिळत असेल, तर त्याच्यासारख्यास ती अधिक सोयीची. शहरांतच राहावयाचें असल्यास मेट्रोच्या वाटेवर राहावें. खापरी ते सीताबर्डी ही मेट्रो २०१९ च्या मार्चमध्यें सुरू झाली. मात्र जामठा खापरीच्याहि पुढें आहे. तेव्हां उरलेली वाट कशानें तुटणार आणि रात्रींची शेवटची गाडी किती वाजतां सुटणार, हें आधीं विचारून घ्यावें.

दुसरा विचार वेळेचा. कसोटीचा खेळ सायंकाळीं संपतो. वाहन मिळण्यास फारशी अडचण पडत नाहीं. रात्रींच्या सामन्याची गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं भारत व ऑस्ट्रेलिया यांचा सामना सायंकाळीं सातला व्हावयाचा, तो मैदान ओलें असल्यामुळें रात्रीं साडेनऊस सुरू झाला, आणि तोहि केवळ आठ-आठ षटकांचा. अशा रात्रीं हजारों माणसें एकदम रस्त्यावर येतात. तरुण मंडळी चालत निघतील. वृद्ध पित्यास व लहान मुलीस घेऊन तसें करतां येत नाहीं. त्या वेळीं शंभर रुपयांनीं स्वस्त पडलेली दूरची खोली फार महाग वाटूं लागते. रात्रींचा सामना असेल तर आधीं परतीचें वाहन ठरवावें, मग खोली.

तिसरा विचार दिवसांचा. कसोटी पांच दिवसांची म्हणून पांचहि रात्रींचे पैसे आगाऊ भरूं नयेत. जामठ्यास २०१५ सालीं दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा आणि २०२३ सालीं ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना तिसऱ्याच दिवशीं आटोपला. नोव्हेंबरांत घरीं कापसाची वेंचणी चालू असते व मजुरी रोख द्यावी लागते. अशा दिवसांत दोन रात्रींचें भाडें फुकट जाणें कोणास परवडेल? तीन रात्री निश्चित कराव्या, पुढील दोहोंविषयीं मालकाशीं स्पष्ट बोलावें, आणि रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. मोठ्या पिशव्या मैदानांत नेऊं देत नाहींत. म्हणून शेवटच्या दिवशीं खोली सोडल्यावर सामान कोठें ठेवतां येईल, हेंहि तेव्हांच विचारावें.

राहतां राहिला आप्तांचा प्रश्न. आपल्याकडे नातलगांचें घर असतां लॉजमध्यें उतरणें कमीपणाचें मानतात. परंतु दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तीन पाहुणे चार दिवस राहिले म्हणजे यजमानीण मनांतून किती शिणते, याचा विचार पाहुण्यानेंच करावयाचा असतो. किती माणसें, किती रात्री, जेवण घरीं कीं बाहेर, हें पुष्कळ आधीं कळवावें. पहांटे निघून मध्यरात्रीं दार ठोठावणें म्हणजे मावशीच्या घराची धर्मशाळा करणें होय. त्यापेक्षां खोली दुसरीकडे घ्यावी आणि एक सायंकाळ मोकळी ठेवून, मुलीस घेऊन, मावशीकडे निवांत जेवावयास जावें. नातें त्यानें तुटत नाहीं.

महागांवच्या गृहस्थानें एवढा हिशेब घरीं बसूनच केला, तर दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आलेल्या वडिलांना रात्रीं वेळेवर अंथरूण मिळेल, आणि दुसऱ्या दिवशीं पहिला चेंडू पडण्यापूर्वीं तिघेहि आपल्या जागीं बसलेले असतील.