श्रोत्याची जागा

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांत वाशीमचा समावेश झाला. सोयाबीन व तूर यांच्या भावावर ज्यांची चूल अवलंबून आहे त्यांच्यापुढे जाझ आणि फंक या अमेरिकन संगीताच्या मैफलींविषयी बोलणे ही चैन आहे, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. आक्षेप रास्त असला तरी त्याच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. संगीत ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची करमणूक, हे ते गृहीत होय. ज्यांनी जाझ निर्माण केले त्यांचे आजे-पणजे कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबले होते. कापूस वेचताना वाकलेली पाठ म्हणजे काय, हे कारंजा-मंगरूळपीरच्या मजुराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या संगीताचा खरा रसिक तबकडीवर समाधान मानीत नाही. तो मैफलीस जातो. याचे कारण त्या संगीताच्या घडणीतच आहे. जाझमध्ये आरंभी सर्व वादक मिळून एक धून मांडतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्या धुनेच्या चौकटीत त्या क्षणी जे सुचेल ते वाजवितो; बाकीचे त्याला आधार देत राहतात. काल वाजविलेले आज जसेच्या तसे वाजविले तर जाणकार नाराज होतो. एकाचे वादन संपले की धून चालू असतानाच टाळ्या पडतात. ख्यालाच्या बैठकीत समेवर माना डोलतात, तमाशाच्या फडात सवालाला बिनतोड जवाब मिळाला की फेटे उडतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. समोरून आलेल्या दादेने वादकाला पुढची जागा सुचते. मैफल ही वादक आणि श्रोता यांनी मिळून घडविलेली वस्तू आहे, असे म्हणावयाचे ते याच अर्थाने. आणि ते एकदा मान्य केले की श्रोत्यांत कोणाला बसू दिले व कोणाला दारात अडविले, हा प्रश्न संगीताच्या बाहेरचा राहत नाही.

मुंबईचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. स्वदेशातील वर्णभेदापासून या कलावंतांना येथे काही काळ तरी सुटका मिळाली. परंतु त्यांचे श्रोते कोण होते? इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि धनिक व्यापारी. गुलामांच्या नातवांचे संगीत एका गुलाम देशाच्या मालकांसाठी वाजत होते. आणि ज्याच्या श्रमावर ती मुंबई उभी होती तो, वऱ्हाडच्या कापसाचे सूत काढणारा गिरणीकामगार, लालबाग-परळच्या चाळींत पाळी संपवून झोपी गेलेला असे. सूर समुद्र ओलांडून आला, पण गेट वे पासून परळपर्यंतचे चार-पाच मैल त्याला ओलांडता आले नाहीत.

ते अंतर पुढे तोडले गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेली ही ख्रिस्ती मुले पोटासाठी मुंबईस आली. मिकी कोरिया यांचा ताफा १९३९ पासून सुमारे वीस वर्षे ताजमध्ये वाजवीत होता. बार्देशातील हळदोण्याचे अन्तोनियो शावियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. त्यांच्यात लोकांना लुई आर्मस्ट्राँग दिसे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील मैफलींना ओहोटी लागली आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. (दारूबंदीचे जे अनेक परिणाम कोणी चिंतिले नव्हते, त्यांत हिंदी चित्रपटसंगीताची समृद्धी हा एक गणावा लागेल.) पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो रंग भरला त्यात चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा होता; त्यांचा ताफा त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. नायक होता गिरणीकामगाराचा मुलगा भगवान पालव. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून ‘अलबेला’ पाहणाऱ्या प्रेक्षकाने जाझ ऐकले होते. त्याला ते नाव ठाऊक नव्हते, इतकेच. परंतु ट्रम्पेट कोणी वाजविला हेही त्याला कळले नाही. वादकांची नावे पडद्यावर क्वचितच येत आणि तबकडीवर त्याहून क्वचित. सूर घराघरांत गेला, माणूस मात्र ध्वनिमुद्रणगृहातच राहिला.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाझच्या वादकांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर धाडण्यास सुरुवात केली. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक भारतात आले आणि मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत त्यांनी वाजविले. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आले. दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या शिळेवर पुढे त्यांच्या एका रचनेची उभारणी झाली. हेतू राजकीय होता, हे उघड आहे. आमच्या देशात काळा माणूस किती सुखी आहे ते पाहा, असे जगाला सांगावयाचे होते. परंतु दूतांनी सर्वच वेळी मालकाचा निरोप सांगितला असे झाले नाही. १९५७ मध्ये लिट्ल रॉक येथे काळ्या मुलांना शाळेत शिरू दिले जात नव्हते, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी सरकारच्या वतीने सोव्हिएत रशियाचा दौरा करण्यास नकार दिला. ब्रूबेक स्वतः गोरे होते, पण त्यांच्या ताफ्यातील बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णी होते. १९६० मध्ये दक्षिणेकडील महाविद्यालयांनी त्यांच्या जागी गोरा वादक आणण्याची अट घातली, तेव्हा ब्रूबेक यांनी तो जवळजवळ सगळा दौराच सोडून दिला. पैशाचे मोठे नुकसान सोसून केलेला हा सत्याग्रह होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समाजवादी कार्यकर्त्याला येथे १९६४ सालचा मे महिना आठवल्यावाचून राहणार नाही. डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपी राज्यातील जॅक्सन या गावी गेले होते. एका उपाहारगृहाने त्यांना त्यांच्या वर्णामुळे प्रवेश नाकारला. दुसऱ्या दिवशी पूर्वसूचना देऊन, धोतर नेसून ते पुन्हा त्याच दारात उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. जात आणि वर्ण ही एकाच दाराची दोन कुलुपे आहेत, ही लोहियांची दृष्टी ज्यांना पटली आहे त्यांना मैफलीच्या दाराचा प्रश्न परका वाटू नये.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ सुरू केली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखा वादक रागांची वाट धरून सॅक्सोफोन वाजवू लागला होता, त्यालाही येथे जाणता श्रोता मिळाला. धोबीतलावाच्या रंगभवनात या मैफली रंगत. हॉटेलची दारे, पोशाखाचे नियम, खानपानाचा खर्च हे सर्व बाजूला पडून उघड्या आकाशाखाली हजारो माणसे एकत्र बसू लागली. रसिकाच्या दृष्टीने ही क्रांती होती. हॉटेलात वादक हा जेवणाऱ्यांच्या गप्पांना लावलेली झालर असे. रंगभवनात लोक त्याचेच वादन ऐकायला आले होते. तरीही तिकीट होतेच, आणि यात्रा म्हटले तरी ती दक्षिण मुंबईची यात्रा होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रुग्णालये-शाळांजवळचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुके झाले. रुग्णाच्या झोपेचा हक्क नाकारता येत नाही. मात्र सार्वजनिक रंगमंच बंद करताना त्याच्या तोडीचा दुसरा उघडण्याची घाई कोणालाही झाली नाही. रसिक पुन्हा वातानुकूलित सभागृहांत व हॉटेलांत परतला. अर्थात ज्याला परवडले तोच.

फंकचा विचार जाझपेक्षा वेगळा करावा लागतो. जाझ कान मागते, फंक सगळे शरीर मागते. त्यात गिटार, पितळी वाद्ये, गाणाऱ्याचा गळा, सारे मिळून ढोलाचे काम करतात. पहिल्या मात्रेवर सर्वांचा एकदम आघात पडतो आणि श्रोत्याला बसून राहता येत नाही. याचे प्रवर्तक जेम्स ब्राउन. ५ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बॉस्टन येथे त्यांची मैफल होती. अमेरिकेतील अनेक शहरे पेटली होती. मैफल रद्द करावी असे प्रशासनाच्या मनात आले होते. शेवटी ती दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित करून पार पाडण्याचे ठरले. अखेरीस तरुण रंगमंचावर चढू लागले, पोलीस त्यांना ढकलू लागले, तेव्हा ब्राउन यांनी पोलिसांना मागे सारले आणि स्वतः त्या पोरांशी बोलून त्यांना खाली उतरविले. त्या रात्री बॉस्टनमध्ये मोठा हिंसाचार झाला नाही. तबकडीला हे साधले नसते. तेथे एक माणूस हजारो माणसांसमोर उभा होता आणि ती त्याला आपला मानीत होती. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव उचलून दलित पँथर उभी केली, हे येथे सांगावयास हवे. यातनेची भाषा किती लवकर ओळखू येते ते त्यावरून दिसते.

आता वाशीम. पहिल्या मात्रेवर आघात करणारे आणि सगळे शरीर मागणारे संगीत या जिल्ह्यात पूर्वापार आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाज देशभरातून लोटतो. संत सेवालाल महाराजांच्या त्या भूमीवर नगाऱ्याचा नाद हा केवळ पूजेचा भाग नसून एका भटक्या समाजाने एकत्र आल्याची ती द्वाही असते. होळीत तांड्यांवर डफाच्या ठेक्यावर लेंगी गातात. गोरबोलीतील ही गाणी फेर धरून म्हणतात. एकाने ओळ टाकावी, दुसऱ्यांनी झेलावी, मध्येच कोणाची तरी नवी ओळ यावी, हा खेळ जाझच्या रसिकाला क्षणात उमजेल.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा संस्कृतीच्या संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. इमारतीला आकार दिला आहे नगाऱ्याचा. संग्रहालयाला विरोध करण्याचे कारण नाही. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही त्यांचा इतिहास एका छताखाली येणे इष्टच आहे. प्रश्न इमारतीबाहेरचा आहे. बंजारा समाजातही वाजविणाऱ्या ढालियांना खालचे मानण्यात आले; गावात हलगी आणि सनई मांगवाड्याकडे सोपविली गेली. लग्न वाजविणाऱ्याविना लागत नसे आणि वाजविणारा मात्र मांडवाच्या कडेला, वेगळ्या पंगतीत. देवळाच्या पायरीखाली उभे राहून ज्याने वाजविले त्याचा नाद गाभाऱ्यापर्यंत पोहोचला. तो स्वतः पायरी चढू शकला नाही. ताजमधील जुन्या मैफलीपेक्षा हे चित्र अधिक क्रूर आहे, कारण तेथे दार श्रोत्याला अडवीत होते, येथे ते वादकालाच अडविते.

म्हणून आंबेडकरी चळवळीतील तरुणांनी गावकीची कामे नाकारली, त्यांत वाजविणेही नाकारले, यात संस्कृतीचा ऱ्हास पाहणाऱ्यांनी आपला जन्म कोणत्या पंगतीत झाला ते आधी पाहावे. त्या तरुणांनी वाद्य टाकले, संगीत टाकले नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी, वामनदादा कर्डकांच्या अखंड फिरतीने ते दाखवून दिले. वामनदादा खेडोपाडी, वस्तीवस्तीत गात हिंडले. श्रोता जमिनीवर बसे, पण ती जमीन त्याची स्वतःची असे. गायक व श्रोता यांच्यामध्ये तेथे ना हॉटेलचे दार होते ना देवळाची पायरी. शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. अशा मैफलींचा रसिक वर्तमानपत्रांत परीक्षणे लिहीत नाही. तो दहा कोस चालून येतो आणि पहाटेपर्यंत उठत नाही.

हा श्रोता आज कोठे आहे? जयंतीची मिरवणूक असो, लग्न असो वा पक्षाची प्रचारफेरी असो, ट्रॅक्टरवर रचलेल्या डीजेच्या भिंतीपुढे तो उभा आहे. आवाज इतका की शेजाऱ्याशी बोलता येत नाही. त्यात गाणारा हजर नाही, त्यामुळे त्याला दाद देता येत नाही, थांबविता येत नाही, पुन्हा म्हणायला लावता येत नाही. चित्रपटसृष्टीत सिंथेसायझर आला तेव्हा गोव्याच्या वादकांची दोन पिढ्यांची उपजीविका गेली. तेच आता बँडपार्टीच्या आणि कलापथकांच्या वाट्याला येत आहे. विषादाची गोष्ट अशी की, ज्यांनी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक पाहिले, ज्या कलापथकाने निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडविले, त्या परंपरेतले लोकही सभेपूर्वी मुद्रित गाणी लावून मोकळे होतात. शाहिराला बोलाविले तरी ते पाहुणे येईपर्यंत वेळ काढण्यासाठी. पाहुणे आले की त्याचे कडवे अर्ध्यावर तोडले जाते आणि मानधनाऐवजी नारळ हातात पडतो. वक्त्याच्या गाडीच्या पेट्रोलचा हिशेब कार्यालयात असतो, ढोलकीवाल्याच्या एस. टी. भाड्याचा नसतो.

जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत किती वादक, शाहीर, लेंगी गाणाऱ्या स्त्रिया, सनईवाले आज हयात आहेत, त्यांचे पोट कशावर चालते, वृद्ध कलावंतांसाठी शासनाचे जे मानधन आहे ते त्यांच्यापैकी किती जणांना मिळते, याची यादी पक्षाच्या एकाही शाखेजवळ नसेल तर ती या होळीपूर्वी तयार करता येण्यासारखी आहे. त्यासाठी तांड्यावर जावे लागेल. तेथे व्यासपीठ नसते आणि कार्यकर्त्यासाठी खुर्ची राखलेली नसते. फेराच्या कडेला, इतरांबरोबर मातीत बसावे लागते, आणि रात्री गाणी सुरू झाल्यावर भाषण करण्याची संधी मिळत नाही.