थोडक्या पैशांतली प्राचीन नाणी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला माझ्या छंदावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. घंटा व्हायच्या आत आटोपतो. मी प्राचीन नाणी जमवतो असं म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "एवढे पैसे आणतोस कुठून?" आणि "आज त्याची किंमत किती येईल?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

मी पोस्टात नोकरी केली. मुलांची शिक्षणं, घराचा हप्ता, आईबापांचं आजारपण हे सगळं भागवून जे उरायचं त्यात हा छंद. तरीही तो जमला, कारण जुनं म्हणजे महाग हा समजच चुकीचा आहे. नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. ते किती दुर्मिळ आहे, किती सुस्थितीत आहे आणि त्याला मागणी किती आहे, यावर ठरते. गुप्त राजांचं सोन्याचं नाणं माझ्यासारख्यानं काचेपलीकडूनच बघायचं. पण सातवाहनांचं पोटीनचं नाणं, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या हलक्या धातूचं, एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार टोकांना चार वर्तुळं असलेलं उज्जैन चिन्ह, हे थोडं झिजलेलं असेल तर काही शे रुपयांत मिळतं. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात कुणीतरी ते बाजारात मोजून दिलेलं असतं.

माझं सगळ्यात आवडतं नाणं पश्चिमी क्षत्रपांचं आहे. चांदीचं, वजन साधारण दोन ग्रॅम, आपल्या रुपयापेक्षा लहान. एका बाजूला राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरं: "राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस". म्हणजे क्षत्रप वीरदामाचा मुलगा महाक्षत्रप रुद्रसेन. बाप क्षत्रपच राहिला, मुलगा महाक्षत्रप झाला. घराण्यातली बढती एवढ्याशा चांदीवर लिहिलेली आहे.

आणखी गंमत म्हणजे या घराण्याच्या बहुतेक नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे वर्ष घातलेलं असतं आणि ते शकाचं असतं. आपल्या पंचांगात छापतात तोच हा शक. त्यांच्या आकड्यांत एकक-दशक-शतक अशी स्थानं नव्हती. शंभराला एक चिन्ह, नव्वदला वेगळं. ती दोन ओळखली की झाले १९०. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २६८. गणितात मी कसा होतो हे इथल्या गुरुजनांना माहीत आहे, पण ही बेरीज मला जमते.

आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी. पहिले पैसे नाण्यावर घालवू नका, वाचण्यावर घाला. रॅप्सननं सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांची सूची १९०८ साली प्रसिद्ध केली. ती आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. ब्राह्मीची मुळाक्षरं रोज अर्धा तास बसलात तर दोन महिन्यांत हाताखालून जातात. आपल्या नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून या. मग एकच घराणं किंवा एकच प्रदेश धरा. सगळं जमवायला गेलात तर पैसाही पुरत नाही आणि समजतही काही नाही.

घरी दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि एक भिंग ठेवा. नाण्याच्या कडेवर साच्याची रेघ दिसली, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले किंवा दोन नाण्यांवर हुबेहूब तोच डाग त्याच जागी असला तर पैसे खिशातच राहू द्या. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांपासून नाणं लांब ठेवा. नाणं चकचकीत होतं खरं, पण त्याची कातडी जाते आणि बारीक अक्षरंही जातात. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेनं त्यांची पांढरी भुकटी होते. ती हाताळल्यावर हात धुवा, नातवंडांच्या हाती देऊ नका.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. किंमत.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे कापडी पिशवी घेऊन आले. विहिरीच्या कामात मडकं लागलं होतं. आत क्षत्रपांची चांदीची नाणी, मातीसकट. भाव सांगितला तो चांदीच्या वजनाचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा समोर होता. मी त्यांना म्हटलं, दादा, हे मी घेऊ शकत नाही आणि तुम्ही विकूही नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शोधणाऱ्याला त्यात हक्कही आहे. मी बरोबर यायची तयारी दाखवली. ते "बघतो" म्हणून गेले. पुढे बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "सोनारानं आटवली. सरकारी कटकट कोण करणार?"

हळहळ का वाटते ते सांगतो. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला असाच ठेवा सापडला होता. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. त्यानं क्षहरातांचा नायनाट केला असं पांडवलेण्यांतल्या गौतमी बलश्रीच्या लेखात कोरलंच आहे. या ठेव्यानं त्याची साक्ष चांदीत दिली. ही नाणी अभ्यासली जाण्याआधीच तेरा हजार घरांत गेली असती तर? प्रत्येकाकडे एक मजेशीर नाणं असतं, आणि ही साक्ष द्यायला कुणीच नसतं.

म्हणून माझा नियम आहे. परवानाधारक व्यापारी, पावती आणि जुन्या संग्रहातून आलेलं नाणं. ताज्या मातीचं नाणं कितीही स्वस्त असो, नको. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर वजन, व्यास, कधी आणि कुठून घेतलं हे लिहितो. गावाचं नाव ठाऊक असेल तर ते सगळ्यात मोठ्या अक्षरात. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी नेता येत नाही, हे परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मित्रांनी ध्यानात ठेवावं. १९७२ चा पुरावशेष कायदा तसं सांगतो.

तुमच्यातले बरेच जण शेती करतात, काही सरपंच आहेत, दोघं-तिघं सराफीत आहेत. तुमच्याकडे मागणं एवढंच. नांगराला, विहिरीला, पायाला मडकं लागलं तर ते फोडू नका, वाटू नका, आटवू नका. आहे तिथे फोटो काढा आणि तहसीलला कळवा. कागदपत्रं मी भरून देईन, जन्मभर तेच केलंय. अर्ज, पोच, रजिस्टर, काही अडणार नाही.

घंटा झाली वाटतं. थांबतो.