सरपंच कोणी निवडावा? : जगाच्या राजकारणाची तोंडओळख

(हमरापूर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हमरापूरच्या कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. पण रंगकाम आणि डोळ्यांची आखणी वेगवेगळ्या हातांनी झाली की त्या शंभर मूर्तींच्या मुद्रा निरनिराळ्या होतात. जगातील राज्यव्यवस्थांचेही काहीसे असेच आहे. साचे मोजकेच असतात. देशोदेशीच्या समाजांनी त्यांना दिलेले रूप मात्र भिन्न. ही रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याच्या शास्त्रास तौलनिक राजकारण म्हणतात. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने शिष्यांच्या साहाय्याने १५८ राज्यघटनांची माहिती जमविली होती, असे परंपरा सांगते. विनोबांचा जन्म १८९५ साली याच पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. त्यांनीही ‘स्वराज्यशास्त्र’ या पुस्तकात राज्य एकाचे, काहींचे की सर्वांचे, या जुन्याच प्रश्नाला हात घातला. तेव्हा हा विषय परदेशी आहे, असे पेणकरांनी तरी समजण्याचे कारण नाही.

या शास्त्राचा पहिला धडा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच मिळतो. पूर्वी गावकरी पंच निवडून देत आणि पंच आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने कायदा बदलला आणि सरपंच थेट जनतेतून निवडला जाऊ लागला. २०२० साली सरकार बदलल्यावर ही पद्धत रद्द झाली. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले आणि ती परत आली. पाच वर्षांत तीन वळणे! वर्तमानपत्रांनी यात पक्षांची सोयगैरसोय पाहिली, आणि ती नव्हती असे कोण म्हणेल? परंतु या वादाच्या मुळाशी एक अस्सल तात्त्विक प्रश्न आहे, आणि त्यावर जगातील मोठमोठी राष्ट्रे दोन बाजूंना उभी आहेत. पंचांनी निवडलेला सरपंच हा ब्रिटनच्या पंतप्रधानाचा धाकटा भाऊ. गावाने थेट निवडलेला सरपंच हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना हाच प्रश्न उलगडून दाखविला होता. लोकशाहीतील शासनाने स्थिर असले पाहिजे आणि उत्तरदायीही असले पाहिजे. मात्र दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अद्याप कोणास सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी पद्धती स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धती उत्तरदायित्व अधिक देते. ब्रिटिश पद्धतीत सरकारची परीक्षा प्रश्न, ठराव आणि चर्चा यांतून रोजच्या रोज होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले. ज्यांना तौलनिक राजकारण शिकायचे आहे, त्यांनी ते भाषण मुळातून वाचावे. परदेशी पाठ्यपुस्तक नंतर उघडले तरी चालेल.

उत्तरदायित्वाची किंमत काय असते, हे देशाने १७ एप्रिल १९९९ रोजी पाहिले. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. एका मताने सरकार गेले. विरोधकांनी सरकार पाडले खरे, पण त्यांना पर्यायी सरकार बनविता आले नाही आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. (पाडायला सगळे एकत्र येतात, बसवायला कोणी येत नाही, हे उत्सव मंडळाच्या बैठकीत बसलेल्या कोणासही सांगावे लागू नये.) हीच घटना जर्मनीत घडली असती, तर सरकार पडले नसते. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकात जर्मनांनी डळमळती सरकारे भोगली आणि त्यांच्यामागून आलेला हिटलरही भोगला. म्हणून १९४९ च्या घटनेत त्यांनी अट घातली, की चॅन्सेलरला काढायचे असेल, तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरला बहुमताने निवडले पाहिजे. या मार्गाने संघराज्याच्या पातळीवर आजवर एकदाच, १९८२ साली, सत्तांतर झाले. हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. स्पेननेही हीच तरतूद उचलली आणि २०१८ साली तेथे तिच्या आधारे पंतप्रधान बदलला.

मग थेट निवड करून टाकावी, की प्रश्नच मिटला, असे कोणास वाटेल. इस्रायलने नेमके हेच करून पाहिले. तेथे लहान पक्षांच्या रस्सीखेचीने सरकारे जेरीस येत. म्हणून १९९२ साली कायदा करून पंतप्रधानाची थेट निवडणूक ठरली. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा ती झाली. परिणाम उलटाच निघाला. मतदारांना दोन मते मिळाली. एक मत पंतप्रधानपदाच्या मोठ्या नेत्याला देऊन दुसरे त्यांनी आपापल्या पंथाच्या, गटाच्या लहान पक्षाला दिले. मोठे पक्ष आक्रसले आणि संसद अधिकच विखुरली. पंतप्रधान जनतेचा, पण संसद त्याच्या हाती नाही. २००१ साली इस्रायलने तो कायदा मागे घेतला.

सरपंच एका गटाचा आणि पंचांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी गावे महाराष्ट्रात आहेत. त्या गावांत रस्त्याचा किंवा नळपाणी योजनेचा ठराव का अडतो, हे समजून घ्यायचे असेल, तर जेरुसलेमकडे पाहावे लागते. आपल्या कायद्याने त्यावर थोडा उपाय योजला आहे. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांचा अविश्वास ठराव लागतो आणि त्यावर ग्रामसभेची मोहोर उमटावी लागते. ज्याने नेमले त्यालाच काढण्याचा अधिकार, हे तत्त्व. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००३ साली आपल्या गव्हर्नरला याच तत्त्वाने मुदतीपूर्वी घरी बसविले.

आता पेण तालुक्यातीलच दुसरी घटना. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादनाचा घाट घातला गेला, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यासाठी मतदान घेण्यात आले. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. खासगी प्रकल्पासाठी शासनाने असा कौल घेणे या देशात अपूर्व होते. विरोधाचा सूर स्पष्ट होता आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. त्या मतदानाला कायद्याचे बंधन मात्र नव्हते. युरोपीय संघ सोडण्याविषयी ब्रिटनने २०१६ साली घेतलेल्या सार्वमतालाही कायद्याने बंधन नव्हते. तरीही ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांचा तो कौल डावलण्याचे धैर्य तेथील संसदेला झाले नाही. स्वित्झर्लंडमध्ये मात्र बंधन असते. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५० हजार सह्या जमल्या की त्यावर मतदान घ्यावेच लागते आणि निकाल पाळावाच लागतो.

यावर हमरापूरच्या मूर्तिकाराच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा निर्णय नेमका कोणी घेतला? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२५ च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले. तज्ज्ञांचा अभिप्राय आल्यावर जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यावरील बंदी उठली, नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा पेच उरला. शेकडो घरांची चूल ज्यावर पेटते, त्या विषयावर आमदार-खासदारांचे मतदान कुठेच झाले नाही. पाण्याचे प्रदूषण खोटे नाही, आणि मंडळ तरी १९७४ च्या कायद्याचेच अपत्य आहे. स्वित्झर्लंडमध्येही शासनाच्या नियमांवर सार्वमत मागता येत नाही. ते कायद्यावर मागता येते. म्हणून कायदा संसदेत मांडला जातो तेव्हाच जागे राहावे लागते. नियम येईपर्यंत थांबणाऱ्यास मग न्यायालयाचेच दार उरते.

त्याच देशातील ग्लारुस या डोंगरी परगण्यात सर्व मतदार वर्षातून एकदा उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. २००६ साली तेथे २५ गावपंचायतींचे एकत्रीकरण पुढे आले. शासनाचा प्रस्ताव दहा पंचायतींचा होता. एक साधा नागरिक उठला, त्याने तीनच ठेवा अशी दुरुस्ती सुचविली आणि सभेने ती मान्य केली. पुढच्या वर्षी त्याच सभेने मतदानाचे वय सोळा केले.

आपल्या ग्रामसभेच्या गणपूर्तीस पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतील जी संख्या कमी असेल ती लागते. गावातील मागच्या चार ग्रामसभांना किती जण हजर होते, कोणता ठराव कोणी मांडला आणि त्यास अनुमोदन कोणी दिले, याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत असते. प्रत्येकाने ती पाहून वहीत उतरवावी आणि शेजारच्या गावातील मित्राच्या वहीशी ताडून पाहावी.